अंतरपाटाची दोन टोकं

मला सख्खा भाऊ नाही, पण माझ्या मुलीला दोन मामा आहेत, आणि ते दोघंही मला पक्षाने दिले. पक्षाने दुसरं काही दिलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने मध्येच थांबून हिशेब करायला नको.

माहेर माझं कटंगीचं, घरात मराठी आणि कचेरीत हिंदी अशा आमच्या बालाघाट जिल्ह्यातलं. आम्ही तिघी बहिणीच. लग्न करून बालाघाटला आले तर इथे सासरे सरकारी नोकरीत, नवरा वीज खात्यात. घरात राजकारणाचा विषय निघाला की आवाज खाली यायचा, जसं काही आजाऱ्याबद्दल बोलतायत. मला मात्र सभेत बोलायला आवडायचं. नवऱ्याने एकदाच विचारलं, ‘‘तुले यातून काय भेटन?’’ मी म्हटलं, ‘‘तुमी मीटर पाहा, मी माइक पाहतो.’’ त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. माणूस समजूतदार आहे.

तेव्हा आमची सत्ता नव्हती. पक्षाचं कार्यालय म्हणजे मोटरपंप दुरुस्तीच्या दुकानामागची एक खोली. दुकान ज्यांचं, ते माझे एक भाऊ. सगळं गाव त्यांना पंपवाले म्हणतं, मीही पंपवाले भाऊच म्हणते. बुटके, गोल, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारे. दुसरे वकीलभाऊ, जिल्हा न्यायालयात वकिली करणारे, ताडासारखे उंच, आणि दर वाक्याआधी घसा खाकरणारे. खोलीत एक सतरंजी होती आणि तिच्यावर ऑइलचे डाग. जिल्ह्याचा माणूस असो की रामपायलीहून भाताची कामं टाकून आलेला कार्यकर्ता, सगळे त्याच डागांवर बसायचे. पोहे मी घरून करून न्यायची.

मोर्चा निघाला की पुढचं बॅनर हे दोघंच धरायचे. पांढऱ्या कापडाचं लांब बॅनर, दोन टोकांना दोन बांबू. डावीकडे वकीलभाऊ, उजवीकडे पंपवाले भाऊ. एक एवढा उंच आणि दुसरा एवढा ठेंगणा, त्यामुळे आमची मागणी कायम उतरणीला लागलेली असायची. काली पुतली चौकातला एक हवालदार दुरूनच ओळखायचा, म्हणायचा, ‘‘तिरछी पार्टी आ गई.’’ मोर्चा संपला की दोघं तिथेच रस्त्यावर बॅनरची घडी करायचे. लांब कापडाची घडी एकट्याने होत नाही. चार कोपरे दोघांच्या हातात, मग एकमेकांकडे चालत यायचं, टोकाला टोक जुळवायचं, पुन्हा मागे जायचं, पुन्हा चालत यायचं. आणि चालता चालता भांडायचं.

‘‘सीधं धर बे.’’

‘‘मी सीधंच धरून राह्यलो. तूच लंबा हायेस, त्याले मी काय करू?’’

भाऊबीजेला दोघं एकाच मोटरसायकलवर यायचे. घरात पाट एकच होता. त्यावर दोघं अर्धे अर्धे टेकायचे आणि आधी कोणाला ओवाळायचं यावर पुन्हा वाद. माझी मुलगी तेव्हा लहान, दोघांच्या मांडीवर आळीपाळीने बसून दोघांच्या ताटातली चकली पळवायची. अशाच एका भाऊबीजेला ठरलं की हिच्या लग्नात बोहल्यावर हिला हे दोघं आणतील आणि अंतरपाटाची दोन टोकंही हेच धरतील. मी म्हटलं, ‘‘अंतरपाट तिरपा झाला तं नवरा आधीच दिसन तिले.’’ वकीलभाऊ घसा खाकरून म्हणाले, ‘‘बरं हाय ना ताई. पसंत नाई पडला तं वेळेवर पयता येईन.’’

मग आम्ही जिंकलो.

जिंकल्यावर काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे, त्यामुळे सांगण्याचा मला अधिकार आहे. हरलेल्या पक्षात माणसं दुःखाने एकत्र बसतात, तिथे वाटून घ्यायला दुःखच असतं आणि ते सगळ्यांना पुरतं. जिंकलेल्या पक्षात खुर्च्या येतात, आणि खुर्ची नेहमी एक कमी असते. वकीलभाऊ जिल्हाध्यक्ष झाले, म्हणजे संघटन. आमचे आमदार मंत्री झाले आणि त्यांनी पंपवाले भाऊंना आपला प्रतिनिधी नेमलं, म्हणजे सरकार. दोघांनाही पद मिळालं, तेव्हा मी वेडी पेढे वाटत फिरले. मला वाटलं आता दोन्ही हात आपलेच.

पण एका म्यानात दोन तलवारी कधी मावल्यात? पहिली ठिणगी एका शिक्षकाच्या बदलीवरून पडली. वकीलभाऊंनी शब्द दिला होता, पंपवाल्यांनी दुसऱ्यालाच तिथे बसवलं. मग तिरोडीकडच्या एका रस्त्याचं भूमिपूजन सकाळी एकाने केलं आणि संध्याकाळी दुसऱ्याने. रस्ता मात्र अजून एकदाही झालेला नाही. मंत्री आले की स्वागताच्या दोन कमानी, दोन ढोल, मधल्या अंतरात मंत्र्यांच्या गळ्यातले हार बदलायला दोन वेगळी पोरं. कार्यालयं दोन झाली, व्हॉट्सअॅप ग्रुप दोन झाले. जुनी खोली पुन्हा पंपांना मिळाली. सतरंजीचं काय झालं, कोणाला माहीत नाही.

मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? एकदा बैठकीत वकीलभाऊ पंपवाल्यांना म्हणाले, ‘‘आप पहले बोलिए.’’ आणि पंपवाले म्हणाले, ‘‘नहीं अध्यक्षजी, पहले आप.’’ ज्यांनी जन्मभर एकमेकांना ‘बे’शिवाय हाक मारली नाही, ते हिंदीत गेले होते, आणि तेही आप-जीच्या हिंदीत. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, ‘‘तुटलं सगळं.’’ त्यांनी पेपर खाली न घेता विचारलं, ‘‘लाइन की फ्यूज?’’

त्या वर्षी भाऊबीजेला एक सकाळी आले, एक संध्याकाळी. दोघांसोबत चार-चार कार्यकर्ते, आणि मी ओवाळताना मोबाइलवर व्हिडिओ. दोघांनी निघताना तोच प्रश्न विचारला, फक्त शब्द बदलून: ताई, तुमी कोनाकडे? मी नगराची महिला अध्यक्ष होते आणि येत्या नगरपालिकेत माझ्या वार्डातून माझंच नाव चालू होतं. त्यामुळे प्रश्न साधा नव्हता. मी म्हटलं, ‘‘मी सैपाकघराकडे.’’ हसले. पण उत्तर आवडलं नाही, हे मला दोघांच्या चपला घालण्यावरून कळलं.

अशात मुलीचं लग्न ठरलं. मुलगा तुमसरचा, भंडाऱ्याला बँकेत नोकरी. माणसं सरळ, देण्याघेण्याची भानगड नाही. मुलगी घरात मराठी कमी आणि हिंदी जास्त बोलणारी, या पिढीची सगळीच पोरं तशी. तिने तिची एकच अट सांगितली, आणि ती सासरच्यांना नव्हती, मला होती.

‘‘आई, मुझे दोनों मामा चाहिए. एक आया और एक नहीं आया, तो वो फोटो मैं ज़िंदगीभर देखूँगी. मग कोनीच नको. तूच आन मले.’’

तिचं लहानपण ज्यांच्या मांडीवर गेलं त्यांना तिने नुसतं लग्नाला बोलावलं नव्हतं, आपल्या फोटोत दोन्ही बाजूंना उभं राहायला बोलावलं होतं. मला वाटलं, एवढं तर मी आणून देईनच. मी मोर्चे काढलेली बाई आहे.

आधी वकीलभाऊंकडे गेले. त्यांच्या बैठकीत आता सोफा होता आणि मी बसेपर्यंत तीन जणांनी माझ्यासाठी उठायचं नाटक केलं. अक्षत दिली, पत्रिका दिली. त्यांनी घसा खाकरला. ‘‘ताई, मी तं येतोच. भांजी हाय माझी. पन ते राह्यतील तं जिल्ह्यातले आपले लोकं काय म्हनन ते मले पाहा लागन. माझ्या पदाची गोष्ट हाय.’’

‘‘पद घरी ठेवून या,’’ मी म्हटलं.

‘‘तसं नाई राह्यत ताई. आनि पुढं वार्डाचीबी गोष्ट हायेच.’’

ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मला आवडत नाहीत, पण भांडं उघडं ठेवून असं दाखवणारी त्याहून आवडत नाहीत. मी चहा न पिता उठले.

पंपवाले भाऊ दुकानातच भेटले. ते अजून दुकानात बसतात, ही त्यांची चांगली गोष्ट. मात्र काउंटरमागे आता मंत्र्यांसोबतचा त्यांचा फोटो होता, पंपांपेक्षा मोठा. ते सरळ बोलले. ‘‘ताई, ज्या मांडवात ते, त्या मांडवात आपन नाई. तुमी मले सांगा, मामा कोन? मी का ते?’’

‘‘दोघंही.’’

‘‘आता दोघं नाई होत ताई.’’

मला तिथेच राग आला आणि मी तो गिळला नाही. दुकानातल्या गिऱ्हाईकांसमोर म्हटलं, ‘‘ऐका भाऊ. दोघं आले तं दोघं मामा. एक आला तं त्यालेबी मी बोहल्यापाशी उभं करनार नाई. पोरगी माझ्यासोबत येईन, आनि मामा काहून नाई आला ते मी माइकवर सांगीन. माइक माझा ओळखीचा हाय.’’ परत जाऊन हेच वकीलभाऊंनाही ऐकवलं, शब्दही न बदलता. धमकी असेल तर असू दे. बहिणीला एवढा हक्क असतो.

लग्नाच्या दिवशी सकाळी लॉनवर गेले तर प्रवेशद्वारावर दोन फ्लेक्स. एकावर वकीलभाऊ हात जोडून, वर पक्षाचे सगळे वरिष्ठ ओळीने. दुसऱ्यावर पंपवाले भाऊ हात जोडून, वर मंत्री. दोन्हींत खाली कोपऱ्यात माझी मुलगी आणि जावई, पोस्टाच्या तिकिटाएवढे. कार्यकर्त्यांना फ्लेक्स म्हणजे हेच माहीत, त्यांचा काय दोष. पण तुमसरहून वरात उतरली आणि व्याही कमानीखाली बराच वेळ वाचत उभे राहिले. मग हळूच मला विचारलं, ‘‘बाई, लगन आमच्याच पोराचं हाय ना? का आमी चुकलो?’’ मी म्हटलं, ‘‘कोपऱ्यात पाहा.’’ त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘हौ, हाय.’’

दोघंही आले होते. मामा म्हणून आले की माइकच्या भीतीने, हे मी कधी विचारलं नाही. एकाची माणसं डाव्या सोफ्यांवर, दुसऱ्याची उजव्या. मधून पाहुण्यांनी जायला वाट सोडलेली होती, जशी कोर्टात असते. दोघं एकमेकांकडे पाहून ‘नमस्कार जी’ म्हणाले. मी दिसायला ठाम दिसते, असतेही, पण त्या क्षणी मला रडू आलं होतं आणि मी ते पदराने घाम पुसतेय असं दाखवून पुसलं.

गुरुजींनी मुलीच्या मामाला हाक मारली. दोन्हीकडून एकदम दोघं उठले.

मुलीला त्यांनी दोन बाजूंनी दंडाला धरून आणलं. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि हसली. मग अंतरपाट. कोणी कुठे उभं राहायचं ते कोणाला सांगावं लागलं नाही. वकीलभाऊ आपोआप डावीकडे गेले आणि पंपवाले उजवीकडे, जसे प्रत्येक मोर्चात जायचे. कापड ताणलं गेलं आणि तिरपं झालं. पंपवाल्यांच्या बाजूने जावयाचं डोकं आणि अर्धं कपाळ स्पष्ट दिसत होतं. बायका हसल्या. पुढे बसलेल्या एका जुन्या कार्यकर्त्याने मांडीवर थाप मारली, ‘‘तिरछी पार्टी.’’

मंगलाष्टकं संपली. सनई, टाळ्या, अक्षता. गुरुजी म्हणाले, ‘‘डाव्या बाजूच्यांनी सोडा.’’

डाव्या बाजूला जिल्हाध्यक्ष. त्यांनी सोडलं नाही.

मी त्यांना ओळखते, म्हणून मला त्यांच्या डोक्यातलं दिसत होतं. उजव्या सोफ्यांवरून दहा मोबाइल त्यांच्यावर रोखलेले. सोडलं की उद्या सगळ्या जिल्ह्यात फिरेल, अध्यक्षांनी सोडलं, प्रतिनिधींनी काढून घेतलं. गुरुजी पुन्हा म्हणाले. मग त्यांनी पंपवाल्यांकडे पाहून म्हटलं, बरं, तुम्ही सोडा. आता डावीकडचे मोबाइल वर झाले. पंपवाल्यांनी मूठ अजून आवळली. वाजंत्रीवाले थांबले, पुन्हा वाजवू लागले, पुन्हा थांबले. कापडाच्या एका बाजूला हार घेऊन माझी मुलगी, दुसऱ्या बाजूला हार घेऊन तिचा नवरा, आणि मध्ये आमच्या पक्षाची अंतर्गत परिस्थिती. आयुष्यात पहिल्यांदा माइक शेजारी असून मला बोलता येईना.

बोलली ती मुलगी. अगदी हळू, पण तेवढ्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं.

‘‘मामा, हात दुखून राह्यले माझे. हार भारी हाय.’’

कोणत्या मामाला म्हणाली ते तिने सांगितलं नाही. दोघांनी एकदम सोडलं.

अंतरपाट दोघांच्या मधोमध जमिनीवर पडला आणि मुलीने पुढे होऊन हार घातला. टाळ्या वाजल्या, ढोल सुरू झाला, सगळ्यांचं लक्ष नवरानवरीकडे गेलं. माझं लक्ष खाली होतं. दोघंही कापड उचलायला वाकले होते. चार कोपरे दोघांच्या हातात आले, आणि हात सवयीचे गुलाम, त्यांनी घडी करायला सुरुवात केली. आधी लांबीत अर्धी. मग दोघं एकमेकांकडे चालत आले, टोकाला टोक लावलं, मागे गेले, पुन्हा चालत आले. शेवटच्या घडीला ते एवढे जवळ होते की वकीलभाऊंचा घसा खाकरलेला मला ऐकू आला.

‘‘कोपरा बराबर धर बे. तुह्या अंगानं नेहमीच खाली राह्यते.’’

‘‘मी बराबरच धरलो. तूच लंबा हायेस.’’

घडी त्यांनी माझ्या हातात दिली आणि दोघं आपापल्या सोफ्यांकडे गेले. मी ती छातीशी धरून उभी होते. कोणीतरी विचारलं, काहून रडता, पोरगी काही दूर नाई चालली. मी म्हटलं, हौ.

इथेच थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही ग्रुपवर फोटो आले. एका ग्रुपवर ‘माननीय अध्यक्षजी भांजी के विवाह में’, अंतरपाटाचं एक टोक धरून. दुसऱ्यावर ‘माननीय मंत्री प्रतिनिधीजी भांजी के विवाह में’, दुसरं टोक धरून. दोन्ही फोटो मधोमध कापलेले. दोन्हींत कापड फोटोच्या कडेपर्यंत ताणलेलं होतं आणि तिथे संपत होतं. पलीकडे कोणीच नसताना ते ताणलेलं कसं राहिलं, हा प्रश्न एकाही कार्यकर्त्याला पडला नव्हता. मुलीने ज्या फोटोची भीती घातली होती, तो त्यांनी एकाऐवजी दोन केला होता.

मी फोटोग्राफरच्या घरी गेले, अख्खा फोटो घेतला आणि दोन्ही ग्रुपवर टाकला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. एका ग्रुपने मला तासाभरात काढलं, दुसऱ्याने दुपारच्या जेवणानंतर. वार्डातून दुसऱ्याच बाईचं नाव गेलं, तीही बिचारी चांगली आहे. नवरा म्हणाला, ‘‘आता फोनचं चार्जिंग टिकन.’’ मला वाईट वाटलं का? दोन दिवस वाटलं. मग मी सैपाकघराकडे असल्याचं जे म्हटलं होतं ते खरं निघालं, आणि माझ्या सैपाकघरातून मला कोणी काढू शकत नाही. भाऊबीजेला निरोप पाठवला की ओवाळणी एकदाच होईल, पाट एकच मांडेन, व्हिडिओवाली पोरं फाटकाबाहेर. दोघं आले. दोन गाड्यांतून आले, पाटावर अर्धे अर्धे टेकले, एकमेकांशी बोलले नाहीत, आणि चकल्या एकाच ताटातून खाल्ल्या.

मंचावर आजही ते आप-आपच करतात. रस्ता आजही झालेला नाही.

परवा मुलीकडे तुमसरला गेले होते. तिच्या बाहेरच्या खोलीत तो फोटो लावलेला आहे, पूर्ण, तिरप्या अंतरपाटासकट. तिची शेजारीण चहाला आली होती, तिने फोटो निरखून पाहिला आणि विचारलं, ‘‘हे दोघं कोन?’’

‘‘माझे मामा.’’

‘‘दोघंबी? एकमेकाचे सख्खे भाऊ हायेत का?’’

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे.

‘‘हौ,’’ ती म्हणाली, ‘‘म्हनून तं बोलत नाई.’’